हुझालतुमच्या नावाचं पाणी

हुझालतुमचं घर आणि माझा दारूचा गुत्ता यांच्यामध्ये एकच मातीची भिंत आहे. ती भिंत कोणाची यावरून आम्ही दोघी सुरुवातीला भांडलो. पुढे भांडायला त्याहून मोठी कारणं मिळत गेली, तेव्हा भिंतीचा विषय आपोआप मागे पडला. ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायका मला म्हणाल्या, "रुत्तुम, सुटलीस गं बाई एकदाची." त्यांना काय जातंय म्हणायला. मी कशी सुटणार होते, माझा जीव तर तिच्या पाण्यात अडकला होता.

ती चटया विणणाऱ्या गिमिल्लुमची विधवा. हुझालतुम म्हणजे हरणाचं पाडस. तिच्या आईबापांनी कोणत्या आशेने हे नाव ठेवलं असेल ते शमाशदेवालाच माहीत, कारण ती अंगाने इतकी रुंद की दारातून आत यायची ती आडवी होऊन यायची आणि तिचा आवाज तिच्याआधी यायचा. बॅबिलोनच्या आमच्या वेशीपासून कालव्यापर्यंत तिचं ज्याच्याशी वाजलं नाही असा कोळी नव्हता की कुंभार नव्हता. मासे घ्यायला गेली की आधी माशाचे डोळे बघायची, मग कोळ्याचे बघायची आणि म्हणायची, "दोघांतलं ताजं कोणीच दिसत नाही." माझ्या दारूला तर ती रोज नावं ठेवायची आणि रोज प्यायला यायची. माठाशी बसून बोरूची नळी तोंडात धरायची, एक घोट ओढायची आणि भर गिऱ्हाइकांत विचारायची, "रुत्तुम, यात जव टाकलेस, का नुसते दाखवून परत नेलेस?"

अशा बाईला काय उत्तर द्यायचं? मी पहिली काही वर्षं देऊन बघितली आणि हात टेकले.

तिची झालेली मुलं जगली नव्हती. नवरा गेला, सासूसासरे त्याच्या आधीच गेले होते, आणि ती सगळी माणसं रीतीप्रमाणे मागच्या खोलीत जमिनीखाली होती. त्या जमिनीतून एक मातीची नळी वर आलेली. दर अमावास्येला त्या नळीत गार पाणी ओतायचं, भाकर ठेवायची आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. हे काही तिच्याच घरी होत नव्हतं. आम्हीही करतो, करतो आणि कामाला लागतो. हुझालतुमचं तसं नव्हतं. तिच्याकडे भाकर त्याच दिवशीची लागे, तिळाचं तेल ताजं लागे, आणि नावं तर ती अशी ठणकावून घ्यायची की माझी गिऱ्हाइकं दचकून बोरूच्या नळ्या खाली ठेवायची.

एकदा एका गाढववाल्याने तिला विचारलं, "मावशी, मेलेली माणसं बहिरी असतात का?"

"जिवंतपणी एकानेही माझं ऐकलं नाही," ती म्हणाली. "आता मी धोका पत्करणार नाही."

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. पण ती रस्त्यात पडलेला भाकरीचा तुकडा दिसला की थांबायची, आणि तिचं तोंड उतरायचं. ज्याच्या नावाने पाणी पडत नाही तो खाली धूळ खातो आणि वर येऊन गल्लीतलं खरकटं चाटत फिरतो, हे आम्ही आईच्या मांडीवर ऐकलेलं. आम्ही ते ऐकून विसरलो. तिला विसरणं शक्य नव्हतं, कारण तिच्यानंतर त्या नळीशी बसायला कोणी नव्हतं. तो तुकडा ती पायाने हळूच कडेला सारायची आणि म्हणायची, "असू दे. कोणाचं तरी जेवण असेल."

एकदा मला तिची दया आली. येऊ नये तेव्हा येते. मी म्हटलं, "मावशी, कोणी नाही तर मी घालीन तुझ्या नावाने पाणी. माझ्या सासरच्यांचं घालतेच आहे, त्यात आणखी एक तांब्या."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? तू पाण्यातही पाणी घालशील."

त्यानंतर मी पुष्कळ दिवस तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज बोलत होती.

आमच्याकडे निपुत्रिक म्हातारी माणसं मोठ्या माणसाला दत्तक घेतात. त्याने जिवंतपणी जव, तेल, लोकर पुरवायची, मेल्यावर पाणी घालायचं, आणि मग घर त्याचं. सरळ व्यवहार आहे. हुझालतुमनेही नवऱ्याचा पुतण्या कुब्बुरुम याला बोलावून घेतलं. गडी चांगला होता. खायचा पुष्कळ, पण कामही करायचा, आणि कितीही बोललं तरी "हो काकू" म्हणायचा. मला वाटलं, झालं, आता गल्लीला शांतता मिळेल.

कुठची शांतता. तिने त्याची तालीम सुरू केली. भरल्या पोटी त्याला नळीशी बसवायचं आणि तांब्या हातात द्यायचा. त्याने भसकन पाणी ओतलं की, "अरे, ते काय म्हशी धुतोयस?" हळू ओतलं की, "माझा सासरा तहानेने दुसऱ्यांदा मरेल." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. कुब्बुरुम माझ्याकडे येऊन माठाशी बसायचा आणि सांगायचा, "रुत्तुमताई, मी विटा पाडल्यात, कालवे उपसलेत. पण पाणी ओतणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं."

आणि मग एका अमावास्येला म्हातारीने ते केलं. कुब्बुरुमने पाणी ओतलं, गिमिल्लुमला हाक मारली, त्याच्या बापाला मारली, आईला मारली. हुझालतुम पाठीशी बसून म्हणाली, "आता माझं नाव घे."

"काकू, तुम्ही इथे बसलाय की."

"म्हणून तर म्हणते. मेल्यावर तू कसं घेतोस ते मला कसं कळणार? घे."

मी भिंतीपलीकडून ओरडले, "मावशी, डोकं फिरलंय का तुझं? पितरांच्या रांगेत जित्या माणसाचं नाव?" मी हातातलं पीठ टाकून धावत गेले, पण दाराशी पोचेपर्यंत त्या खुळ्याने नळीला तोंड लावून तीनदा हाक मारली होती. हुझालतुम डोळे मिटून ऐकत होती. "शेवटची बरी होती," ती म्हणाली.

चार दिवसांत ती तापाने फणफणली. खालून बोलावणं आलं यात आता कोणाला शंका नव्हती. हाक गेली होती, वरून पाहुणी येणार म्हणून त्यांनी जागा केली असणार. कुब्बुरुमची पाचावर धारण बसली. त्यानेच हाक मारलेली, म्हणजे दोष त्याच्यावर येणार. एक दिवस तो जव दळून आणतो म्हणून गेला, आणि अजून आणतोच आहे. आपल्या गावी पोचल्यावर त्याने निरोप पाठवला की काकू, घर नको, फक्त रागावू नका.

ती रागावलीच. तापातही त्याला शिव्या द्यायला तिच्या अंगात ताकद होती. औषधपाणी करायला मी होते आणि तिची दासी अहास्सुनू होती. खरं सांगायचं तर अहास्सुनूच होती, मी फक्त चिडचिड करत होते. ही अहास्सुनू उत्तरेकडच्या डोंगरांतली. लढाईत पकडून आणलेल्यांबरोबर लहानपणी आलेली, गिमिल्लुमने विकत घेतलेली. आता तिशी ओलांडलेली बाई. कपाळावर दासीची खूण म्हणून राखलेली केसांची बट, हात कायम जात्यावर नाहीतर मागावर, आणि तोंडातून शब्द नाही. त्या घरात दुसऱ्या कोणाला शब्द मिळतही नसे.

मी मांत्रिकाला आणलं. तो म्हणाला, हाक परत घेता येत नाही, पण हाकेला बदली माणूस देता येतो. त्याने चिकणमातीची एक बाई केली. रुंद केली, कारण हुझालतुमने पडल्या पडल्या बजावलं की बारीक केलीस तर सासूबाई ओळखणार नाहीत. तिच्या शालीचा तुकडा त्या मूर्तीला गुंडाळला, बरोबर वाटेसाठी इवलीशी भाकर दिली, इवल्या वहाणा दिल्या, आणि नळीशेजारी खड्डा करून तिला पुरली. मग मांत्रिक खाली वाकून म्हणाला, "ज्या हुझालतुमला तुम्ही बोलावलंत ती ही आली. आता वरच्या बाईचं नाव काढू नका."

ताप उतरला. मला वाटलं होतं बाई जरा नरमेल. पुढच्या अमावास्येला ती नळीशी आणखी एक भाकर ठेवून बसली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझी. मी खाली गेलेय ना, सगळ्यांसमोर गेलेय. मग माझा वाटा नको?" आणि बाकीच्यांच्या भाकरी तशाच ठेवून स्वतःची मात्र उचलून तिने खाल्ली. वर म्हणाली, "जरा करपलीय."

या बाईपुढे कोणी करायचं तरी काय?

पण या प्रकारानंतर तिला दत्तक जायला कोणी तयार होईना. कुंभाराच्या धाकट्याला विचारलं, तो म्हणाला घर चांगलं आहे पण त्या खोलीत मी बसणार नाही. तिच्या माहेरकडचं एक जोडपं येऊन बघून गेलं, ते पुन्हा आलं नाही. ती दाखवत नव्हती, तरी घाबरली होती. माझ्याकडे प्यायला बसली की मध्येच नळी तोंडातून काढायची आणि नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "रुत्तुम, मातीच्या बाईला तहान लागते का गं?" मी म्हटलं मला काय माहीत. ती घरी गेल्यावर मला त्या उत्तराची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर आणखी जोरात खेकसले.

"घरात बाई आहे ना तुझ्या," मी म्हटलं. "अहास्सुनूचं कपाळ शुद्ध कर, ती बट कापून तिला मोकळी कर, लेक करून घे. एवढी वर्षं तुझं ऐकून घेतलंय तिने, त्याहून मोठी परीक्षा कुठली?"

"दासीने माझ्या सासूला नावाने हाक मारायची? सासूबाई नळीतून वर येतील." तिने विषय संपवला. "आणि तिला काय कळतं पितरांचं? तिचं मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही."

आता माझ्या दारातल्या चिखलाबद्दल सांगायला हवं. माझ्या उंबऱ्यापुढे, जिथे गल्लीची मोरी वळते, तिथे दर अमावास्येला संध्याकाळी ओल व्हायची. गिऱ्हाइकं तो चिखल पायांनी आत आणायची आणि मी झाडून झाडून बेजार व्हायचे. मला खात्री होती की हुझालतुम मुद्दाम आपलं धुण्याचं पाणी माझ्या दारात सोडते. पुढच्या अमावास्येला मी दबा धरून बसले, कोण येतंय ते बघितलं, आणि तडक हुझालतुमकडे जाऊन तिचा हात धरून तिला बाहेर ओढत आणलं.

"बघ. आता बोल."

मोरीच्या वळणावर अहास्सुनू उकिडवी बसली होती. हातात फुटक्या काठाची वाटी. ती थेंब थेंब पाणी जमिनीवर सोडत होती आणि ओठ हलत होते. आम्हाला बघून ती उठली आणि वाटी पाठीमागे लपवली.

"काय चाललंय?" हुझालतुमने विचारलं.

"काही नाही, बाई. दळण झालंय सगळं."

"दळणाचं विचारलं का मी? कोणाला पाणी घालतेस?"

अहास्सुनू खाली बघत म्हणाली, "आईला."

चिखलाबद्दल जे जे बोलायचं ठरवलं होतं ते मी सोडून दिलं.

"कुठे गेली ती?" हुझालतुमने विचारलं.

"येतानाच. वाटेत. तिथेच चटईत गुंडाळून ठेवली. कुठे ते मला आता ओळखू यायचं नाही." एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माझं घर नाही, बाई. म्हणून इथे घालते. इथे पाणी मुरतं तरी."

"इथे?" हुझालतुमचा आवाज चढला. "इथून गाढवं जातात. हिच्या गुत्त्यातले प्यालेले इथे उभे राहून काय काय करतात तुला माहीत नाही? इथे आईला पाणी घालतेस? कधीपासून?"

"आल्यापासून."

"आल्यापासून," हुझालतुम म्हणाली. तिने भिंतीला हात टेकला. "आल्यापासून हिने ते पाणी मोरीत घातलं. आणि मी घरात होते. अगं, मला विचारायला तुझी जीभ झडली होती का?"

विचारलं असतं तर मार खाल्ला असता, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. हुझालतुमलाही ते ठाऊक होतं, आणि तिचा खरा संताप बहुतेक त्यावरच होता.

तिने अहास्सुनूचं मनगट धरलं आणि तिला घरात नेलं, मागच्या खोलीत, नळीपाशी. मी मागोमाग गेले. मला वाटलं आता हिला तिथे झोडपते. हुझालतुम कण्हत कण्हत खाली बसली, तिने गार पाण्याचा माठ पुढे ओढला, आणि नळीला तोंड लावून म्हणाली, "सासूबाई, जरा सरका. एक बाई येतेय, डोंगराकडची. दमलेली असेल. तिला लगेच कामाला लावू नका."

"मावशी," मी म्हटलं, "परक्या बाईला तुझ्या पितरांत बसवतेस? ते काय म्हणतील?"

"म्हणू देत. एका बाईला पाणी लागतं किती गं?" मग तिने तांब्या अहास्सुनूकडे दिला. "नाव काय तिचं?"

"अझुए."

"मला नको सांगूस. तिला हाक मार."

अहास्सुनूने हाक मारली. मी बाहेर येऊन माझ्या दारातला चिखल झाडत बसले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

खजूर उतरायच्या आधी हुझालतुमने तिचं कपाळ शुद्ध करून घेतलं. न्हाव्याने बट कापली, म्हातारीने तिला सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि शमाशसमोर सांगितलं की ही माझी लेक, मी आहे तोवर मला सांभाळेल, मी गेल्यावर हिच्यावर कोणाचा हक्क नाही. लेखनिकाने ओल्या मातीच्या पाटीवर ते कोरलं आणि हुझालतुमने शालीचा काठ त्यात दाबून खूण केली. लेखनिकाने दोनदा विचारलं, "पाणी घालण्याचं कलम घालायचं ना? सगळेच घालतात."

"नको," ती म्हणाली.

मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, तेवढ्यासाठी तर सगळा आटापिटा केलास ना? गावभर माणसं पळवून लावलीस, जित्याजागत्या स्वतःला पुरून घेतलंस, आणि आता तेच लिहून घेत नाहीस?"

"लिहून घेतलेलं पाणी कसलं," ती म्हणाली. "तू गप्प बस." मी कपाळाला हात लावला.

थंडीत ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, त्यामुळे कोणाचीच सुटका नव्हती. आम्ही तिला मागच्या खोलीत खाली ठेवली, तिच्या माणसांत. खड्डा नेहमीपेक्षा रुंद खणावा लागला.

आणि मग माझी झोप उडाली. कारण अहास्सुनू आता मोकळी होती. घर तिचं, ती विकू शकत होती. उत्तरेकडे जाणारे गाढवांचे तांडे आमच्याच वेशीतून निघतात, आणि मी तिला तांडेवाल्याशी बोलताना बघितलं होतं. पाटीवर कलम नव्हतं. ती निघून गेली असती तर तिला कोणी अडवलं नसतं, आणि अडवायचं तरी कोणत्या तोंडाने? तिच्या डोंगरातून तिला ओढून आणताना तिला कोणी विचारलं होतं? पण मग ती म्हातारी? एवढं करून शेवटी रस्त्यातलं खरकटंच तिच्या नशिबी? मला तिचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवलं असतं.

अमावास्येला मी दारूचा तांब्या भरला, चांगल्या माठातली, पाणी न घातलेली, आणि गेले. अहास्सुनू मागच्या खोलीत नळीशी बसली होती. भाकरी मांडलेल्या, गिमिल्लुमची, त्याच्या आईबापांची, अझुएची, आणि एक जरा मोठी. मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"तांड्याबरोबर कधी निघतेस?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तांडेवाल्याशी बोलत होतीस ना?"

"त्याला आमच्या गावाचं विचारत होते. तो म्हणाला आता तिथे कोणी राहत नाही." तिने तांब्या उचलला. "आणि असते तरी काय, रुत्तुमताई. माझी आई या घरात पाणी पिते. मी कुठे जाऊ?"

मी खाली बसले. मला रडू आलं, आणि त्या बाईसाठी रडू आलं याचा संताप आला. अहास्सुनूने सगळ्यांना हाका मारल्या. शेवटी तिने हुझालतुमचं नाव घेतलं नाही, नुसतंच आई म्हटलं, आणि पाणी ओतलं.